दोरीचं दुसरं टोक

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये तीन पत्रं दोरीबद्दलचीच निघाली: दोघांची तक्रार, कुत्र्याचं पिल्लू फिरायला नेलं की दोरी चावतं, आणि तिसऱ्याला दोरी कोणती घ्यावी हे विचारायचं आहे. दोघांच्या तक्रारीची कारणंही वेगवेगळी आहेत, म्हणून तिघांना वेगळं उत्तर देते. नेरुळच्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या घरात उद्या साखळी येऊ घातली आहे आणि ती येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. जूनच्या पावसात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गावठी पिल्लू सापडलं. रंगावरून मुलीने नाव ठेवलं खारी. आता ती साडेचार महिन्यांची आहे, लशी सगळ्या झाल्या आहेत. संध्याकाळी साडेसातला मी तिला सेक्टरच्या बागेकडे नेते. बागेपाशी पोचेपर्यंत शहाण्यासारखी चालते, पण दहा-बारा मिनिटं झाली की उडी मारून दोरी तोंडात धरते, गुरगुरते, मान झटकते. मी ओढली की आणखी जोरात ओढते. तीन दोऱ्या तोडल्या. घरी तिला दोरी आवडते, हे ऑफिसातून आले की दोघांची दोरीनेच मस्ती चालते. सासूबाई म्हणतात, गुरगुरायला लागली म्हणजे उद्या माणसाला चावेल. शेजारचे काका सांगतात, वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर एक द्या. कुणी दोरीला मिरची लावायला सांगतं, कुणी डेटॉल. दुकानदाराने लोखंडी साखळी घ्यायला सांगितली आहे. घेऊ का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: साखळी घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण आधी हे.

साडेचार महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात. दुधाचे दात 28 असतात, ते पडून त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. समोरचे पटाशीचे दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून हलायला लागतात, मग सुळे आणि दाढा; सहा-सात महिन्यांपर्यंत तोंड भरतं. नवा दात लोखंडावर चावला गेला तर टवका उडू शकतो, आणि पक्का दात पुन्हा येत नाही. वर ती साखळी एवढ्याशा मानेला जड. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा मानला आहे. तुम्ही फिरवायलाच साखळी घेताय, बांधायला नाही, हे मला कळतं. पण मी पाहिलेल्या घरांत फिरायची साखळी सहा महिन्यांत बाल्कनीच्या गजाला अडकवलेली दिसते. ती हाताशी असते म्हणून वापरली जाते.

आता खारीचं तोंड बघा. दिवसा ती पेंगुळलेली असताना ओठ हळूच वर करा. हिरड्या लालसर, सुजलेल्या दिसतील, एखादा दात हलताना दिसेल, दोरीवर रक्ताचा बारीक डागही सापडेल. पडलेला दात पिल्लं बहुतेक वेळा गिळतात, त्याने काही होत नाही. हिरड्या शिवशिवतात म्हणून तिला काहीतरी चावायला हवंच आहे. ते देणं आपलं काम. एक जुना सुती पंचा घ्या, त्याला दोन गाठी मारा, पाण्यात भिजवून पिळा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाला की तिच्यासमोर टाका आणि जवळ बसा. गाठीत दात रुतवून ती वीस मिनिटं रमेल. धागे निघायला लागले की तो पंचा बाद. गार गाजरही चालतं, मोठा तुकडा मोडला तर काढून घ्या. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. जुनी चप्पलही देऊ नका. जुनी कोणती आणि तुमच्या मुलीची शाळेची कोणती, हे पिल्लाला कळायचा मार्गच नाही.

पण दात हे अर्धंच कारण. फक्त दात शिवशिवत असते तर ती जिना उतरतानाच चावली असती. तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत, ती मी अधोरेखित केली. एक: घरी दोघांची दोरीनेच मस्ती चालते. दुसरं: दहा-बारा मिनिटं झाली की.

पहिलं वाक्य आधी घेऊ. संध्याकाळी सात वाजता घरात दोरी म्हणजे रस्सीखेच, आणि साडेसातला रस्त्यावर तीच दोरी म्हणजे शिस्त. हा फरक खारीने कुठून शिकायचा? तिने दात रोवून ओढलं की समोरचं माणूस ओढतं, हसतं, बोलतं, हे तिला रोज शिकवलं जातंय. रस्त्यावर तुम्ही चिडून ओढता. तिच्या दृष्टीने खेळ सुरू झाला. तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या: ओढाओढी जरूर करा, पिल्लाला त्याने आनंद मिळतो आणि जोरही खर्च होतो. फक्त दोरीने नको. जुन्या जीनच्या पायाची वेणी घाला, त्यावर खेळा. दोरी फिरून आल्यावर खुंटीवर, तिच्या उडीच्या वर.

सासूबाईंना सांगा की गुरगुरण्याने घाबरू नका, पण बघायला मात्र शिका. खेळातलं गुरगुरणं असतं तेव्हा अंग सैल असतं, शेपटी हलते, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर येतो, मधेच सोडून ती तुमच्या तोंडाकडे बघते. अंग ताठ झालं, शेपटी पोटाखाली गेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, तर ती घाबरली आहे, ते वेगळं. तुमच्या वर्णनातली खारी खेळते आहे.

आता मी स्वतः केलेली चूक सांगते, कारण तीन तोडलेल्या दोऱ्यांबद्दल तुम्ही एका शब्दात लिहिलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. 2006 साली आमच्याकडे तांबू आला, असाच गल्लीतला, तांबूस रंगाचा. पाच महिन्यांचा होता. तलावपाळीला नेलं की गडकरी रंगायतनच्या बाजूने पळत सुटायचा आणि दोरी तोंडात धरायचा. मी ओढायचे, तो ओढायचा, बाकावर बसलेली मुलं टाळ्या वाजवायची. मला कौतुक वाटायचं. एका रात्री तो दोरी घेऊन दिवाणाखाली शिरला. सकाळी अर्धीच दोरी मिळाली. मी केर काढताना इकडेतिकडे पडलेले धागे भरून टाकले आणि उरलेला तुकडाही त्यातच गेला असेल असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी तो उलटी करायला लागला. पावसाळा होता, काहीतरी रस्त्यावरचं खाल्लं असेल म्हणून मी दहीभात दिला आणि आणखी एक दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी तो पाणीही ठेवेना आणि पोटाला हात लावू देईना.

ऑपरेशन करावं लागलं. नायलॉनची फीत एका टोकाला पोटात अडकली होती आणि पुढचा भाग आतड्यात गेला होता. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं ते मी आजवर प्रत्येकाला सांगते: पायजम्याच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं त्या फितीवर गोळा होतं. आतडं पुढे ढकलत राहतं, फीत जागची हलत नाही, आणि ताणलेली फीत आतून कापत जाते. तांबू वाचला, पुढे तेरा वर्षं जगला. पण तो एक दिवस मी थांबायला नको होतं.

म्हणून आजपासून दोरी तुटली की तुकडे जुळवून बघा. फरशीवर दोन्ही भाग लावा, लांबी भरते का पाहा. भरत नसेल आणि खारी उलट्या करत असेल, जेवत नसेल, शी करायला जोर करूनही होत नसेल किंवा कोपऱ्यात पडून राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो हाताने ओढू नका, कितीही मोह झाला तरी. दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते आपल्याला दिसत नसतं.

आता सवय कशी मोडायची ते.

सुरुवात घरात, फिरायच्या वेळेला नाही. जेवणाआधी, ती थोडी भुकेली असताना. उकडलेल्या चिकनचे, बिनमिठाचे, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा. चिकन घरात चालत नसेल तर पनीर किंवा उकडलेलं रताळं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काही नको, ही कुत्र्याला बाधतात. दोरी दाखवा, तिने नुसतं बघितलं की तुकडा. हूक लावा, तुकडा. दोरी तिच्या पाठीवरून लोंबती राहू दे, तोंड मोकळं असतानाच तुकडा. दोन मिनिटांत संपवा, दोरी काढा. दिवसातून तीनदा. यात एकच गोष्ट आपण तिला सांगतोय: दोरी अंगावर असताना तोंड मोकळं ठेवलं की बरं काहीतरी घडतं. बहुतेक लोक पिल्लू दोरी धरेपर्यंत गप्प असतात आणि धरली की बोलायला लागतात. आपण उलट करायचं. ती नीट चालते ती पहिली दहा मिनिटं तुम्ही तिच्याशी काही बोलता का, ते आठवून बघा.

त्यासोबत "सोड" शिकवा, तेही खेळण्यावर, दोरीवर नाही. जीनची वेणी तिच्या तोंडात असू दे. ओढणं थांबवा, हात निर्जीव ठेवा, चिकनचा तुकडा तिच्या नाकाशी न्या. तोंड उघडेल, त्याच क्षणी "सोड" म्हणा, तुकडा द्या, आणि वेणी लगेच परत द्या. परत देणं विसरू नका. सोडलं की वस्तू जाते असं तिला कळलं तर पुढच्या वेळी ती वस्तू घेऊन पलंगाखाली पळेल, तांबू दिवाणाखाली शिरला तसा. आठवडाभर रोज दहा-बारा वेळा झालं की तुकडा दाखवायच्या आधीच तोंड उघडायला लागेल. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा. तुम्ही "सोड", मुलगी "ड्रॉप", यजमान "ए खारी, बस झालं", असं झालं तर तिला कुठलाच शब्द लागणार नाही.

रस्त्यावर तिने दोरी धरलीच तर तुमचा हात आधी थांबू दे. पतंग उडवणाऱ्याला ढील देणं कळतं, तेच इथे. वीतभर ढील द्या, हात कमरेशी टेकवा आणि खांबासारख्या उभ्या राहा. बोलू नका, तिच्या डोळ्यांत बघू नका. समोरून ओढ आली नाही की रस्सीखेच मरते. पाच-दहा सेकंद ती झटकेल, मग तोंड सैल होईल. सैल झालं की "शाब्बास", आणि दोन-तीन तुकडे जमिनीवर विखरून टाका. नाक खाली गेलं की अंगातली उसळी उतरते. तुम्ही विचाराल, चावल्याचं बक्षीस मिळतंय असं तिला वाटणार नाही का? तोंडात दोरी असताना तुकडा दिला तर वाटेल. म्हणून सुटण्याची वाट बघा, आणि सुटल्यावर लगेच न देता एकदा "बस" म्हणून बसवून मग दिलं तर आणखी चांगलं.

काही पिल्लं एवढ्यानेही सोडत नाहीत. त्यांच्यासाठी मी दोन दोऱ्या वापरते: एक गळ्यातल्या पट्ट्याला, दुसरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्यांना, पाठीवर. जी धरली ती मी हातातून सोडून देते, दुसरी धरून ठेवते. सोडलेली दोरी जमिनीवर पडते, तिला ओढणारं कुणी नसतं, आणि पिल्लू थोड्या वेळात तिचा नाद सोडतं. हे सोसायटीच्या आवारात करा, फाटक बंद असताना.

हार्नेसचा आणखी एक फायदा. गळ्यातल्या पट्ट्याला लावलेली दोरी पिल्लाच्या नाकासमोर झोके घेत असते. हूक पाठीवर गेला की ती नजरेआड जाते. निम्मी पिल्लं तेवढ्यानेच कमी चावतात असा माझा अनुभव आहे. पट्ट्याखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि ती वाढतेय म्हणून दर रविवारी हे पाहायला हवं.

आता दुसरं वाक्य: दहा-बारा मिनिटं झाली की. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपतं. संध्याकाळी साडेसातला बागेपाशी काय असतं ते मला नेरुळला न येताही दिसतं: क्रिकेट, सायकली, पाणीपुरीची गाडी, रिक्षांचे हॉर्न, दहा मुलं "ए डॉगी" म्हणून धावत येणारी. दहा मिनिटांत तिचं डोकं भरून जातं. भरलेलं डोकं असलेलं लहान मूल जसं लग्नाच्या हॉलमध्ये रात्री साडेनऊला कारण नसताना भोकाड पसरतं, तशी ती दोरी धरते. तेव्हा तिला शिस्तीची नाही, घरी जायची गरज असते. सातव्या मिनिटाला वळा. दोरी धरायच्या आधी वळा. वेळही बदलून बघा, सकाळी सहा किंवा रात्री साडेनऊ. आणि चालताना तिला हुंगू द्या. एका झाडाच्या बुंध्याशी तीन मिनिटं हुंगणं तिला बागेच्या दोन फेऱ्यांपेक्षा जास्त थकवतं. दुपारी ती नीट झोपली नसेल तर संध्याकाळी फिरणं अर्धंच करा.

राहिल्या मिरची, डेटॉल आणि वर्तमानपत्र. मिरची डोळ्यांत आणि नाकात जाते, तिच्या आणि तुमच्या मुलीच्याही. डेटॉल किंवा फिनाईल ती चाटणार, ते विषारी आहे. घरातून ही कल्पनाच काढून टाका. दुकानात कडू फवारा मिळतो, तो चालतो, पण पावसात धुऊन जातो आणि काही पिल्लं त्याला सरावतात. नुसत्या फवाऱ्यावर विसंबू नका.

वर्तमानपत्राबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. शेजारच्या काकांचा हेतू वाईट नाही, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच शिकवलं गेलं. पण नाकावर बसलेला फटका पिल्लू दोरीशी जोडत नाही, हाताशी जोडतं. मग एक दिवस पट्टा निसटतो, ती पाम बीच रोडच्या बाजूला पळते, तुम्ही हात पुढे करून बोलावता, आणि ती त्या हाताला घाबरून आणखी दूर जाते. माझ्याकडे अशी कुत्री आली आहेत ज्यांच्या डोक्याकडे हात नेला की ती जमिनीला चिकटतात. त्यांना परत हातात घ्यायला वर्ष लागतं. खारीचा हातावर अजून विश्वास आहे, तो तसाच ठेवा.

दोन ते तीन आठवडे सगळ्यांनी सारखं वागलात तर फरक दिसेल. मधे दोन दिवस ती पूर्वीपेक्षा जास्त चावेल, कारण जो खेळ नेहमी चालायचा तो का चालत नाही हे ती जोर लावून पाहील. नेमके त्याच दिवशी लोक साखळी आणतात.

प्रश्न: माझं वय 67. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगा परदेशी गेला आणि त्याचा लॅब्रॅडॉर आता माझ्याकडे आहे, सात महिन्यांचा, वजन पंचवीस किलो. सोसायटीत तो दोरीला तोंड लावत नाही. फाटकाबाहेर मुख्य रस्त्यावर आलो की दोरी दातात धरून मला मागे ओढतो. मी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरतो. हट्टीपणा कसा मोडावा?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर: काका, आधी मनगटाचे वेढे सोडा, आजच. पंचवीस किलोचं कुत्रं एका झटक्यात वळलं तर वेढा सुटत नाही आणि माणूस पडतो. या वयातलं पडणं किती महाग पडतं हे तुम्हाला मी सांगायला नको. दोरीच्या मुठीतून अंगठा घाला, मूठ मिटा, दुसऱ्या हाताने दोरीचा मधला भाग धरा. सोडायची वेळ आली तर सोडता आली पाहिजे.

आता हट्टाबद्दल. मला तो हट्टी वाटत नाही, तो घाबरलेला वाटतो. सोसायटीत दोरी धरत नाही, म्हणजे दोरीचा खेळ त्याला लागलेला नाही. सात महिन्यांत दात बहुतेक येऊन गेलेले असतात, तरी डॉक्टरांना एकदा तोंड दाखवा. दुधाचा सुळा पक्क्याच्या शेजारी तसाच राहिला असेल तर तो दुखतो. पण मुख्य कारण तुम्हीच सांगितलंय: फाटकाबाहेर आलो की. घोडबंदर रोडवर कित्येक वर्षं मेट्रोचं काम चालू आहे. डंपर, काँक्रीटचे मिक्सर, पत्र्याचे अडथळे, धूळ. आपले कान सरावले. त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहेत, आणि तो आधी दुसऱ्या घरात, दुसऱ्या माणसाजवळ वाढलाय. ज्याच्याशी तो बाहेर जायचा तो माणूसच एक दिवस दिसेनासा झाला, हेही धरा. मला तर हे पत्र वाचताना तुम्हा दोघांचंही वाईट वाटलं.

दोरी धरून तो मागे ओढतो. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो तुम्हाला घरी नेतो आहे.

म्हणून त्याला बाहेर खेचू नका. आठवडाभर फाटकाच्या आतच, रस्ता दिसेल पण गोंगाट अंगावर येणार नाही अशा ठिकाणी खुर्ची टाकून बसा. तुम्ही बसा, तो शेजारी. मोठा ट्रक गेला की पनीरचा तुकडा. आवाज संपला की तुकडे बंद. काही दिवसांनी आवाज झाला की तो रस्त्याकडे न बघता तुमच्याकडे बघेल. त्या दिवशी फाटकाबाहेर दहा पावलं जा आणि परत या. दुसऱ्या दिवशीही दहाच. तो जांभया देतो का, ओठ चाटतो का, कान मागे पाडतो का बघा. तसं दिसलं तर त्या दिवशी आणखी पुढे जाऊ नका. शक्य असेल तेव्हा मागच्या बाजूची शांत गल्ली किंवा पहाटेची वेळ धरा. मुख्य रस्त्यावरून चालता आलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? शी-शू आणि हुंगणं मागच्या गल्लीत झालं तर त्याचं काही अडत नाही.

येऊरला न्यावं असं कुणी सुचवेल. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत. कुत्रं घेऊन तिकडे जाऊ नका.

पंचवीस किलोसाठी पुढे छातीवर हूक असलेला हार्नेस घ्या. ओढल्यावर त्याचं अंग बाजूला वळतं आणि तुमच्या खांद्यावर कमी ताण येतो. आणि सोसायटीतला एखादा कॉलेजचा मुलगा आठवड्यातून तीनदा त्याच्याशी अर्धा तास चेंडू खेळणार असेल तर जरूर बोलवा. लॅब्रॅडॉरला त्या वयात जेवढं पळायला लागतं तेवढं आपण एकट्याने पुरवणं कठीण आहे.

दिवाळी जवळ आली आहे. फटाक्यांच्या दिवसांत हा सराव बंद ठेवा, फिरणं दुपारी आटपा आणि संध्याकाळी खिडक्या लावून त्याच्याजवळ बसा. तो तुम्हाला चिकटून बसला तर बसू द्या. भीती कुरवाळल्याने वाढते हे खरं नाही.

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो, बारावीत आहे. पॉकेटमनीतून दोरी घ्यायची आहे. नायलॉन, सुती की चामड्याची? बटण दाबून लांब होणारी चांगली का?
— एक विद्यार्थी

उत्तर: पिल्लू अजून चावत असेल तर चामड्याची नको, तिचा वास त्याला खाण्याचाच वाटतो. बटणाची मुळीच नको. तिची दोरी बारीक असते, हात कापते, आणि ऐरोलीच्या रस्त्यावर कुत्रं तुझ्यापासून पंधरा फूट लांब गेलं तर रिक्षा आधी पोचेल. नायलॉन स्वस्त आणि लवकर वाळणारी, पण चावून धागे सुटले की तेच पोटात जातात. सुती हाताला मऊ, झटका बसला तरी सोलत नाही. पावसाळ्यात मात्र वाळत नाही आणि कुबट वास येतो, म्हणून दोन ठेव. पाच-सहा फूट लांबी पुरते.

दुकानात पैसे देण्याआधी हूक दहा वेळा उघडमीट करून बघ. मग दोरीचं एक टोक पायाखाली दाबून दोन्ही हातांनी जोरात ओढ आणि हूक शिवलेला आहे तिथली शिवण निरखून बघ. स्वस्त दोऱ्या पहिल्यांदा तिथेच उसवतात. सुटलेला एक जरी धागा दिसला तर दुसरी माग.